घराचा बाहेरचा रंग : पसंती कुणाची, सोय कुणाची?

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे म्हणतात. आमच्या अनुभवाने आम्ही त्यात एक भर घालू : घराला बाहेरून रंग पाहावा लावून. पाया, जोते, भिंती, स्लॅब हे सगळे होईपर्यंत आमच्या घरात कुणाचा आवाज चढला नव्हता. गिलावा पुरा झाला, ठेकेदाराने शेडकार्डाची जाडजूड वही आणून ओटीवर ठेवली, आणि त्या रात्रीपासून घरात मते फुटली.

आम्ही म्हणजे दोघी जावा. थोरली उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, धाकटी घर आणि शिलाई यंत्र सांभाळते. आमचे दोघे कर्ते आखातात, थोरले कुवेतला आणि धाकटे दोह्याला. घरात अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, आणि चार मुले. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठचे. जुने घर चिऱ्याचे आणि कौलारू होते. वाशांना वाळवी लागली, एका पावसात मागची भिंत खचली, आणि नवे घर बांधायचे ठरले. नऊ वर्षांची बचत त्यात गेली. आमच्यासारखी घरे कोकणात पुष्कळ आहेत. पैसा दूरवरून येतो, बांधकामावर देखरेख बायका करतात, आणि घर कसे दिसावे याचा निर्णय मोबाईलवर होतो. म्हणून हा अनुभव मासिकाच्या भगिनींपुढे मांडावासा वाटला.

एक घर, पाच पसंती

थोरल्यांनी कुवेतहून एका बंगल्याचा व्हिडिओ पाठवला. कोळशासारखा गडद करडा रंग, खिडक्यांभोवती काळी पट्टी, पुढच्या भिंतीला दगडासारखा खरखरीत टेक्श्चर. "असेच पाहिजे," असा निरोप. धाकट्यांचे म्हणणे, "भाईजान म्हणतील तसे." वाडीतले चाचाजान एका संध्याकाळी येऊन सांगून गेले, "हिरवा लावा. आपला रंग आहे, लांबून कळले पाहिजे घर कुणाचे." मुलांना पिवळा आणि निळा हवा होता. आणि अम्मींना विचारले तर त्या म्हणाल्या, "चुन्यासारखा पांढरा लावा. बाकी तुम्ही शिकलेल्या."

आमच्या घरात बोली कोकणी चालते. सगळ्यांना कळावे म्हणून इथे साध्या मराठीत देत आहोत.

ठेकेदाराला कुणाच्याच पसंतीशी देणेघेणे नव्हते. त्याला काम उरकून दुसऱ्या गावी जायचे होते. "रंग सांगा, आठवड्यात मारून देतो," एवढेच तो म्हणत होता. जानेवारीच्या अखेरीस गिलाव्यावर पाणी मारणे संपले होते आणि तो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रंग सुरू करायला निघाला. थोरले ईदला सुट्टीवर यायचे होते. तोवर घर रंगून तयार असावे, अशी त्यांचीही इच्छा. आम्हालाही घाई पटू लागली होती.

भिंत आधी, रंग नंतर

आम्हाला थांबवले ते पलीकडच्या वाडीतल्या रंगारी दादांनी. जुन्या घराला दर वर्षी चुना तेच काढत. ते आले, भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "बाई, ही भिंत अजून ओली आहे. हिला आता रंग लावलात तर पावसाळ्याआधीच पापुद्रे सुटतील."

वरून भिंत कोरडी ठणठणीत दिसत होती. दादांनी एक सोपी परीक्षा दाखवली. हातभर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवायचा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि एक दिवस एक रात्र तसाच सोडायचा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतून पाण्याचे थेंब दिसले तर भिंतीत ओल आहे. आम्ही चार भिंतींवर चार तुकडे लावले. पूर्वेचा तुकडा जवळपास कोरडा निघाला, बाकी तिन्हींच्या आतून दव पडल्यासारखे पाणी. मुलांना हा प्रयोग इतका आवडला की तो नंतर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही गेला.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सिमेंटचा गिलावा पाण्यावर पोसला जातो. पाणी मारणे थांबले तरी आतली ओल बाहेर यायला वेळ लागतो, आणि ती येताना सिमेंटमधले क्षार बरोबर घेऊन येते. त्यावर रंगाचा थर असेल तर ओल थराला ढकलते, फोड येतात, पांढरा लोणा फुटतो. शिवाय ताज्या सिमेंटचा अल्कली गुण रंग फिका करतो, डाग पाडतो. म्हणून नवा गिलावा निदान २८ दिवस तरी सुकू द्यावा, सावलीतल्या भिंतींना त्याहून अधिक, असे जाणकार सांगतात. आम्ही ठेकेदाराचा हिशेब चुकता केला आणि रंगाचे काम दादांकडे सोपवले. फेब्रुवारीच्या शेवटी पश्चिमेची भिंत परीक्षेत उतरली, उत्तरेची मार्चमध्ये. तोवर रमजान सुरू झाला होता. दादांच्या हाताखालचे दोन पोरगे रोजेदार, ते सकाळी लवकर येऊन दुपारी घरी जात. ईदपर्यंत भेगा भरणे आणि प्रायमरचा एक हात, एवढेच झाले.

थोरल्यांना फोनवर हे सांगताना आमची छाती धडधडत होती. ते एवढेच म्हणाले, "म्हणजे मी येईन तेव्हा घर उघडेच असणार."

हिरवा "आपला", मग बाकीचे कुणाचे?

मधल्या काळात चाचाजान दोनदा विचारून गेले होते. वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणायचे, तेही दोघी सुनांनी, हे सोपे नव्हते. शेवटी एकदा चहा देऊन आम्ही बसलो आणि शाळेत मुलांना सांगतो तशा चार गोष्टी सांगितल्या.

मस्जिद-ए-नबवीचा घुमट आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हिरवाच येतो. पण त्याला हिरवा रंग लागला तो १८३७ साली, उस्मानी राजवटीत. त्याआधीच्या पिढ्यांनी तो दुसऱ्या रंगांत पाहिला. आपल्या मराठवाड्यातला बीबी का मकबरा पाहा. लोकांना तो सगळाच संगमरवरी वाटतो. खरे तर संगमरवर खालच्या भागाला आणि घुमटाला आहे. मधल्या काळ्या दगडावर इतका घोटीव चुन्याचा गिलावा चढवला आहे की डोळा फसतो. दिल्लीचा हुमायूनचा मकबरा लाल दगडाचा, घुमट तेवढा पांढरा. ज्या मुलखात जो दगड, जी माती, जे ऊन, तसे तिथले रंग.

आणि एक उदाहरण तर आपल्या कोकणी माणसांना जवळचे. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला बो-काप नावाचा जुना मुस्लिम मोहल्ला आहे. त्याच शहरात रत्नागिरी-रायगडकडून गेलेल्या कोकणी मुसलमानांचीही कित्येक पिढ्यांची वस्ती आहे. बो-कापच्या चढावरच्या गल्लीत एक घर गुलाबी, शेजारचे लिंबाच्या रंगाचे, पलीकडचे निळे, त्यापुढचे जांभळे. तिथे हिरवी घरेही आहेत, पण घर मुसलमानाचे आहे हे सांगायला त्यांना हिरवा लावावा लागला नाही. मशिदीची अजान आणि दारातला सलाम यांवरून ते कळतेच.

चाचाजानांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "आणि शेजारी?" हा प्रश्न आमच्याही मनात होता, फक्त बोलला गेला नव्हता. आमच्या एका बाजूला आपली घरे आहेत, दुसऱ्या बाजूला काकींचे घर. चाळीस वर्षांत दोन्ही अंगणांमध्ये कधी गडगा घातला गेला नाही. ईदचा शीरखुर्मा तिकडे जातो, गणपतीचे मोदक इकडे येतात. त्यांच्या डोळ्यांसमोर उठल्याबसल्या आमची भिंत असणार. ती भिंत बघून त्यांना बरे वाटावे की आम्ही काही ठसवू पाहतो आहोत असे वाटावे? चाचाजानांनी पेला खाली ठेवला. "खिडक्यांना तरी हिरवा लावा," म्हणाले. आम्ही लगेच कबूल केले. त्यात आम्हाला मुळीच हरकत नव्हती. जुन्या घराच्या खिडक्याही हिरव्याच होत्या.

पाऊस, ऊन आणि लाल माती

आता राहिला प्रश्न भिंतींचा. दादांचे म्हणणे साधे होते. रंग आधी तिथल्या हवेला विचारावा, मग माणसांना.

आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. नैऋत्येकडून येणारी झड पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंतींना सरळ झोडपते. उत्तरेची भिंत फणसाच्या सावलीत, तिथे शेवाळ धरते. आणि पागोळ्यांचे पाणी अंगणात आपटले की लाल मातीचे शिंतोडे भिंतीवर दोन-अडीच फूट उंच उडतात. पांढरी भिंत जमिनीपर्यंत नेली तर पहिल्याच पावसात तिची रया जाते.

जुन्या माणसांनी यावर उपाय शोधलेला होता. भिंत चुन्याची पांढरी, आणि खाली जमिनीपासून तीनेक फुटांचा पट्टा गेरूचा. आम्ही लहानपणापासून हा पट्टा पाहत आलो, त्याला नुसती सजावट समजत आलो. तो मातीचे शिंतोडे लपवायला होता, हे दादांनी सांगितल्यावर कळले. गेरू आणि पिवडी हे लोहखनिजाच्या मातीचे रंग. ते उन्हाने सहसा उडत नाहीत आणि सिमेंटच्या क्षारालाही दाद देत नाहीत. याउलट भडक लाल, जांभळे, नारिंगी असे पुष्कळसे चकचकीत रंग दोन-चार उन्हाळ्यांत विटतात. त्यातही एक भिंत विटते आणि सावलीतली तशीच राहते, म्हणजे घर ठिगळ लावल्यासारखे दिसते.

उन्हाची गोष्ट वेगळी. स्वच्छ पांढरा रंग अंगावर पडलेल्या उन्हाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग परत पाठवतो. कोळशासारखा गडद रंग जेमतेम दहावा हिस्सा परतवतो, बाकी सगळे ऊन भिंत पिऊन घेते. दिवसभर प्यालेले ऊन ती रात्री घरात सोडते. आमच्या घरात पश्चिमेची खोली अम्मींची. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, त्यांना पंख्याचा वारा सोसत नाही.

हे सगळे आम्ही फोनवर थोरल्यांना सांगितले नव्हते असे नाही. पण फोनवर रंग कळत नाही आणि ऊनही कळत नाही.

तीन चौकोन

दादांनी प्रायमरवर तीन नमुने काढले. शेडकार्डावरचा पत्त्याएवढा तुकडा आणि दहा फुटांची भिंत यांत फार फरक असतो. तुकड्यावर सौम्य दिसणारा रंग भिंतीवर अंगावर येतो, आणि दुकानातल्या दिव्याखाली दिसलेला रंग उन्हात वेगळाच निघतो. म्हणून सगळ्यात लहान डबा घेऊन भिंतीवरच तीन-तीन फुटांचे चौकोन काढावेत. तेही दोन भिंतींवर, एक उन्हातली, एक सावलीतली. सकाळी, भर दुपारी, मगरिबच्या आधी आणि एकदा पाण्याने भिजवून, असे चार वेळा पाहावेत. आमचे चौकोन होते गडद करडा, फिका पिस्ता आणि तांदळाच्या पेजेसारखा पिवळसर पांढरा.

ईदच्या चार दिवस आधी थोरले आले. गाडीतून उतरून त्यांनी घराकडे पाहिले. प्रायमरचे निस्तेज पांढरे घर, त्यावर तीन चौकोन, बाजूला परांची तशीच उभी. काही बोलले नाहीत. अम्मींच्या पाया पडल्यासारखे वाकले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी असरची नमाज पढून ते मशिदीतून आले, ते सरळ पश्चिमेच्या भिंतीकडे. एक हात करड्या चौकोनावर ठेवला, एक पेजेच्या रंगावर. करड्यावरचा हात त्यांनी लगेच काढून घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. आम्ही खिडकीतून पाहत होतो. त्यांनी मुलाला हाक मारून त्याचाही हात ठेवायला लावला.

रात्री तरावीहनंतर सगळे ओटीवर बसलो असताना ते बोलले. "बावीस वर्षे झाली मला तिकडे. एका खोलीत सहा जण. कुणाला दाखवायला माझ्याकडे काही नव्हते. वाटले, घर असे व्हावे की रस्त्याने जाणाऱ्याने थांबून विचारावे, हे कुणाचे?"

कुणी काही बोलले नाही. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, जी फोनवर सांगितली नव्हती. कंपनीने नवा करार फक्त एका वर्षाचा केला होता, आणि त्यापुढे तो वाढेल अशी आशा नव्हती. पुढच्या वर्षी ते कायमचे गावी येणार.

अम्मी म्हणाल्या, "लोक रस्त्याने जातात, बाळा. आम्ही आत राहतो. तूही आता आतच राहायला येणार."

त्या रात्री आमच्या लक्षात आले की प्रश्न इतके दिवस आम्ही चुकीचा विचारत होतो. घराला रंग आज कोणता शोभेल, हा अर्धाच प्रश्न. पाच-सहा वर्षांनी, आखाताचा पगार नसताना, हाच रंग पुन्हा लावणे आपल्याला झेपेल का, हा उरलेला अर्धा. खरखरीत टेक्श्चरच्या खाचांत आमच्याकडे शेवाळ बसते, ते घासून निघत नाही. गडद रंगाला बहुधा तिसरा हात लागतो, आणि त्याचा भावही चढा. साधा फिका रंग मात्र घरच्या माणसांनीही एखाद्या सुट्टीत शिडी लावून काढावा.

हिशेब आणि इसराफ

हिशेब आम्ही मुलांकडूनच करवून घेतला. खिडक्या-दारे वगळून बाहेरच्या भिंती २४०० चौरस फूट भरल्या, म्हणजे गवंड्यांच्या भाषेत २४ ब्रास. बाहेरच्या अॅक्रिलिक इमल्शनचा एक लिटर दोन हातांसाठी साधारण ५० ते ६० चौरस फूट पुरतो. मध्यम धरून ५५ ने भागले तर जवळपास ४४ लिटर. २० लिटरच्या दोन बादल्या आणि ४ लिटरचा एक डबा. दुकानदार मोजमाप न विचारता "चार बादल्या लागतील" म्हणाला होता. चौथीतल्या मुलाच्या भागाकाराने दोन बादल्यांचे पैसे वाचले.

पुढच्या भिंतीचे टेक्श्चर आणि गडद रंग यांचा खर्च, आणि साधा फिका रंग यांचा खर्च, यांत पाऊण लाखाचा फरक निघाला. तो पाऊण लाख हातात असताना खर्च करणे सोपे होते. आपल्या दीनमध्ये नीटनेटके, सुंदर राहण्याला मनाई नाही. मनाई आहे ती इसराफला, गरजेपलीकडच्या उधळपट्टीला आणि दिखाव्याला. दोन्हींमधली रेघ प्रत्येक घरात वेगळी पडते, ती दुसऱ्याने काढून देऊ नये. आमच्या घरात ती थोरल्यांनी स्वतः काढली. त्या पैशातल्या काही भागाची त्यांनी पश्चिमेच्या भिंतीला पत्र्याची पडवी घातली आणि पन्हळ बसवले. झड अडली, अम्मींची खोली थंड झाली. उरलेले पैसे बाजूला ठेवले.

खिडक्यांचा हिरवा

चाचाजानांना दिलेला शब्द राहिला होता. ग्रिल आणि खिडक्यांना ऑइलपेंट लागतो. तो घेताना एक गोष्ट पाहावी, विशेषतः घरात लहान मुले असतील तर. पूर्वी चकचकीत पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइलपेंटमध्ये शिशाची संयुगे सर्रास असत. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे, आणि मुले ग्रिलला हात लावून तोच हात तोंडात घालतात. भारत सरकारने २०१६ मध्ये यासाठी नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर जाता कामा नये, असे बंधन घातले. नियमाप्रमाणे डब्यावर तसा उल्लेख असावा लागतो. सुट्टा, बिनलेबलचा रंग स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. आणि जुना ऑइलपेंट खरवडायचा असेल तर कोरडा घासू नये. ओला करून घासावा, मुलांना दूर ठेवावे आणि पडलेली भुकटी झाडूने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने उचलावी.

जुन्या घराची एक हिरवी खिडकी आम्ही ठेवली होती. नमुना म्हणून ती दुकानात नेली, आणि तसाच गडद हिरवा मिळाला.

पावसानंतर

भिंतींना पेजेचा रंग, खाली तीन फूट गेरू, खिडक्या हिरव्या. जिन्याचा मनोरा पूर्वेकडे आहे, तिथे दुपारचे ऊन लागत नाही, म्हणून तेवढा करडा ठेवला. तो थोरल्यांचा. गेरूचा पट्टा त्यांनी स्वतः लावला, दोरी ताणून, दादांच्या सूचना ऐकत. दोन दिवस गेले त्यात. काकी त्यांच्या अंगणातून पाहत होत्या. "वाकडा जातोय रे," म्हणून त्यांनी एकदा थांबवलेही, आणि तो खरेच वाकडा जात होता. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काम संपले. थोरले परत गेले. जूनमध्ये पाऊस सुरू झाला.

आता पाऊस संपल्यावर हे लिहीत आहोत, म्हणून काय टिकले आणि काय चुकले, दोन्ही सांगता येते. गेरूच्या पट्ट्यावर मातीचे शिंतोडे आहेत, पण जवळ जाऊन पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. कुठे फोड नाही, लोणा नाही. चूक झाली ती गच्चीच्या कठड्यावर. कठड्याच्या माथ्याला आतल्या बाजूने उतार द्यायला हवा होता, तो राहिला. माथ्यावर साचलेले पाणी बाहेरून ओघळले आणि पुढच्या भिंतीवर काळ्या रेघा उमटल्या. एका छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी बोटभर खाच नव्हती, तिथेही तसेच. हे रंगाचे दोष नव्हेत, बांधकामाचे. पण डाग रंगावर दिसतो आणि दोष रंगाला लागतो. या दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही दुरुस्त करणार आहोत, इन्शाअल्लाह.

जे रंग काढायला निघाले आहेत त्यांच्यासाठी

गवंडी निघून जाण्याआधी कठड्याचा उतार आणि छज्जाची खाच तपासा. मागाहून परांची बांधणे महागात पडते.

प्लॅस्टिकच्या तुकड्याने चारही भिंतींची ओल पाहा. एक भिंत सुकली म्हणजे घर सुकले असे नाही.

कोकणात रंगाचे काम पाऊस पूर्ण ओसरल्यानंतर सुरू करून मेच्या मध्यापर्यंत संपवा. भर दुपारी तापलेल्या भिंतीवर रंग लावू देऊ नका, तो सुकण्याआधीच आखडतो.

एका भिंतीला लागणारा सगळा रंग एकाच वेळी, एकाच बॅचचा घ्या. यंत्रावर मिसळलेल्या रंगाचा क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि लिटरभर रंग घट्ट झाकून बाजूला ठेवा.

आवाराची चिऱ्याची भिंत असेल तर तिला प्लॅस्टिकसारखा थर देणारा रंग लावू नका. चिरा पाणी पितो आणि सोडतो. त्याचा श्वास कोंडला की रंग सोलून निघतो. चिरा आपल्या रंगातच देखणा दिसतो.

आणि शेवटचे. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. अम्मींनी पहिल्याच दिवशी "चुन्यासारखा पांढरा" म्हटले होते. आम्ही दोन महिने फिरून जवळपास तिथेच आलो. तेव्हा त्यांना त्याचे कारण सांगता आले नव्हते, आणि आम्ही विचारलेही नव्हते.

परवा थोरल्यांचा फोन आला. व्हिडिओवर घर दाखवा म्हणाले. आम्ही मोबाईल घेऊन घराभोवती फिरलो. पुढच्या भिंतीवरच्या काळ्या रेघा लपवाव्यात असे वाटले, पण दाखवल्या. ते हसले. "राहू देत," म्हणाले, "मी आलो की काढीन."